गंजाशी केलेला तह

खंडेनवमीस बडोद्यातील आमच्या घरी दोन गोष्टी नेमाने घडतात. सकाळी कपाटातील तलवार आणि कट्यार बाहेर काढून कोरड्या फडक्याने पुसली जातात, पात्यांवर तेलाचा हात फिरतो, आणि मग ती पाटावर मांडून त्यांची पूजा होते. त्यानंतर दारातील वाहने धुऊन त्यांना झेंडूच्या माळा घातल्या जातात. पहिली चाल पूर्वजांबरोबर दक्षिणेतून इकडे आली. दुसरी आजोबांनी मोटार घेतली तेव्हापासूनची. लहानपणी आम्हांस पूजा तेवढी महत्त्वाची वाटे, आणि आधीची पुसापुशी म्हणजे मोठ्यांनी लावलेले काम. आता वय झाल्यावर वाटते की ज्या कोणी हा दिवस नेमून दिला, त्याला लोखंडाचा स्वभाव पक्का ठाऊक असला पाहिजे. वर्षातून एकदा तरी ते उजेडात आणून डोळ्यांखालून घातले नाही, तर ते निमूटपणे मातीस मिळते.

या लेखाचे निमित्त ती मोटारच आहे. १९५८ सालची फियाट अकराशे. बडोदे संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले तेव्हा आजोबा संस्थानच्या चाकरीत होते. पुढे निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली. तिच्या बॉनेटच्या आतल्या अंगाला, पांढऱ्या तैलरंगाने, बारीक कुंचल्याने, त्यांनी गाडीचा जमाखर्च लिहून ठेवला आहे. तेल कधी बदलले, तेव्हा किती मैल झाले होते, काय दुरुस्त केले. तारखा बाळबोध अक्षरांत, शेरे मोडीत. शेवटची नोंद १९७१ ची. आमच्या घरात मोडी वाचणारे आता कोणी उरलेले नाही. पण ते हस्ताक्षर कोणाचे, हे सर्वांना कळते.

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला पूर आला, तेव्हा पागेत उभ्या असलेल्या या गाडीत पाणी शिरले. गाळ उपसून झाल्यावर दिसले की बॉनेटच्या आतील पत्र्यावर गंजाचे पट्टे उठले आहेत आणि काही ओळींच्या कडांपर्यंत पोहोचले आहेत. ज्या कारागिराकडे आम्ही गेलो, तो जाणता आणि सरळ मनुष्य होता. तो म्हणाला, “काका, वाळूचा मारा करून पत्रा पांढरा करतो, मग नवा रंग. गाडी कंपनीतून आल्यासारखी दिसेल.” त्याचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु वाळूच्या माऱ्यात गंज जाईल तशी अक्षरेही जातील. गंज ठेवला तर तो अक्षरे खाईल, आणि काढला तर काढणाराच ती पुसून टाकील, असा हा पेच होता. त्यातून वाट काढण्यासाठी आम्ही गंजाचा इतिहास धुंडाळू लागलो. तो लोखंडाच्या इतिहासाइतकाच जुना निघाला, आणि त्याचे काही धागे आपल्या वाचकांच्या गावांपर्यंत येऊन पोहोचतात, असेही दिसले.

गंज म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नव्हता. लोखंड, हवा आणि पाणी एकत्र आली की गंज चढतो, हे सर्वांनाच माहीत होते. पण तो सर्वत्र सारखा का चढत नाही, एक जागा खाऊन शेजारची का सोडतो, याचे उत्तर विसाव्या शतकापर्यंत नीट मिळाले नव्हते. १९०३ मध्ये अमेरिकेतील रसायनशास्त्रज्ञ विलिस व्हिटनी यांनी गंजणे ही मुळात विद्युत्-रासायनिक क्रिया आहे, हे मांडले. लोखंडाच्या एकाच पृष्ठावर सूक्ष्म विद्युत्-घट तयार होतात. एका ठिकाणी लोखंड विरघळते आणि दुसऱ्या ठिकाणी प्राणवायू त्या क्रियेचे दुसरे टोक सांभाळतो. पुढे केंब्रिजमध्ये यूलिक इव्हान्स यांनी एक साधा प्रयोग केला. घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि पाहत राहायचे. कोणालाही वाटेल की थेंबाच्या कडेला, जिथे हवा भरपूर, तिथे लोखंड आधी खाल्ले जाईल. प्रत्यक्षात ते थेंबाच्या मध्यभागी, जिथे हवा कमी, तिथे खाल्ले जाते.

हा शोध जुन्या मोटारीपुढे उभे राहून वाचला म्हणजे सारे उलगडते. मडगार्डाच्या आतल्या बाजूस साठलेली माती, दोन पत्र्यांच्या सांध्यातील फट, रबराखाली अडकलेला ओलावा, रंगाखाली दबलेले पाणी, या सर्व जागा त्या थेंबाच्या मध्यासारख्या आहेत. हवा कमी, ओल टिकाऊ. म्हणूनच मोटार उघड्यावर दिसते तिथे क्वचित आणि झाकलेल्या कोपऱ्यात हमखास सडते. शिवाय गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा व्यापतो. दोन पटींपासून सहा पटींपर्यंत. त्यामुळे तो वरचा रंग उचलतो, सांधे फाकवतो आणि नव्या ओलाव्यास वाट करून देतो. तांब्यावर किंवा ॲल्युमिनियमवर चढणारा थर खालच्या धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. तो घराचे रक्षण न करता चोरांना वाट दाखवणाऱ्या पहारेकऱ्यासारखा आहे.

या शत्रूशी माणसाने जे राजकारण केले, त्याचे आम्हांस तीन प्रकार दिसतात. एक, लोखंडावर पांघरूण घालणे. दुसरा, लोखंडाच्या जागी दुसऱ्या धातूला बळी देणे. तिसरा, गंजालाच आपल्या बाजूस वळवणे. तिन्हींचा इतिहास मनोरंजक आहे, परंतु आमच्या बॉनेटला अखेर तिसराच उपयोगी पडला.

पांघरुणाची रीत सर्वांत जुनी. तेल, चरबी, मेण, डांबर, हे सर्व त्यातलेच. खंडेनवमीचा तेलाचा हातही त्यातलाच. एकोणिसाव्या शतकात पूल, जहाजे आणि रेल्वे लोखंडाची होऊ लागली, तेव्हा त्यांच्यावर जवसाच्या तेलात कालवलेला शेंदूर लावला जाई. शेंदूर म्हणजे शिशाचे ऑक्साइड. गावोगावच्या मारुतीच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या तेलात कालवून चढत आलेला तो हाच पदार्थ. शेंदराचे काम केवळ झाकण्यावर थांबत नाही. तेलाशी संयोग होऊन शिशाचे जे साबणासारखे क्षार बनतात, ते लोखंडाचे गंजणे मंदावतात. स्कॉटलंडमधील १८९० मध्ये खुला झालेला फोर्थचा रेल्वे पूल वर्षानुवर्षे असाच रंगवला जात होता. एका टोकाकडून रंगवत दुसरे टोक गाठावे, तो पहिल्या टोकाला पुन्हा सुरुवात करावी लागते, अशी त्या पुलाची ख्याती होती. २००२ पासून त्याचा जुना रंग खरवडून त्यावर काचेचे पापुद्रे मिसळलेला इपॉक्सी रंग देण्याचे काम चालले आणि ते २०११ मध्ये संपले. तो रंग पंचवीस वर्षे टिकावा अशी अपेक्षा आहे.

शेंदराचा दोष त्याच्या गुणातच होता, कारण शिसे विषारी. आपल्या देशात घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांहून अधिक असू नये, असा नियम २०१६ मध्ये झाला आणि पुढच्या वर्षापासून अमलात आला. शेंदराची जागा घेणारे पिवळे झिंक क्रोमेटही निर्दोष ठरले नाही. त्यातील क्रोमियम कर्करोगास कारण होते. आता त्या ठिकाणी बहुधा झिंक फॉस्फेट असते. आपल्या गॅरेजांत ज्याला रेड ऑक्साइड म्हणतात, त्याविषयी एक गैरसमज आढळतो. त्याचा तांबडा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचा, म्हणजे गेरूचा. तो गंजाचाच स्थिर झालेला भाऊबंद आहे. त्यात गंजरोधक दुसरे काही घातलेले नसेल, तर तो केवळ पांघरूण आहे. त्यापलीकडे त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नये.

दुसरी रीत बळीची. १८२४ मध्ये सर हंफ्री डेव्ही यांनी ब्रिटिश आरमारातील जहाजांच्या तळाचे तांबे समुद्रात झिजू नये म्हणून त्याला जस्ताचे व लोखंडाचे तुकडे जोडून पाहिले. तांबे वाचले, तुकडे झिजले. पण झिजणाऱ्या तांब्याच्या विषाने जे शंखशिंपले दूर राहत, ते आता सुखाने जहाजांना चिकटू लागले, आणि आरमाराने हा उपाय सोडून दिला. तत्त्व मात्र खरे होते. १८३७ मध्ये फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. कोकणातील घरांवरचे पन्हळी पत्रे ही त्याच कल्पनेची संतती. पत्र्यावर ओरखडा उठला तरी शेजारचे जस्त आधी झिजते आणि लोखंडास राखते. जस्ताचे हे वळण सांगताना हेही नोंदवले पाहिजे की खनिजापासून जस्त मोठ्या प्रमाणावर काढण्याची विद्या मध्ययुगात उदयपूरजवळच्या जावर येथे नांदत होती. हैदराबादकडील वाचकांच्या घरी बिदरीची एखादी सुरई असेल, तर तिचे अंगही मुख्यतः जस्ताचेच आहे.

तिसरी रीत तहाची. तिचे सर्वांत थोर उदाहरण दिल्लीत मेहरौलीस उभे आहे. तो लोहस्तंभ सुमारे ७.२ मीटर उंच आणि सहा टनांहून अधिक वजनाचा. त्यावरील लेखातील ‘चंद्र’ हा राजा म्हणजे गुप्तवंशीय दुसरा चंद्रगुप्त, असे बहुतेक विद्वान मानतात. म्हणजे स्तंभाचे वय सोळाशे वर्षांच्या आसपास झाले. तो का गंजला नाही, याविषयी पुष्कळ अद्भुत कथा प्रचलित आहेत. कानपूरच्या आयआयटीतील धातुशास्त्रज्ञ प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी २००० च्या सुमारास याचा जो उलगडा केला, तो त्या कथांहून अधिक सुरस आहे. त्या लोखंडात फॉस्फरस आजच्या पोलादाच्या मानाने पुष्कळ आहे, सुमारे पाव टक्का. प्राचीन भट्टीत कोळशाबरोबर चुनखडी घालत नसत, त्यामुळे फॉस्फरस मळीबरोबर निघून न जाता लोखंडातच राहिला. स्तंभावर आरंभी गंज चढलाच. पण ओल्या-कोरड्या ऋतूंच्या फेऱ्यांत त्या गंजाखाली लोखंडाच्या फॉस्फेटचा एक पातळ, घट्ट थर जमला आणि त्याने पुढचा गंज थोपवला. दिल्लीच्या कोरड्या हवेचीही मदत झाली. जमिनीत पुरलेल्या भागावर मात्र गंज आढळला आहे. स्तंभ गंजलाच नाही, हे म्हणणे तेव्हा बरोबर नव्हे. तो गंजला आणि त्याच्या गंजातूनच त्याचे चिलखत तयार झाले.

इंदूरच्या वाचकांना यासाठी दिल्लीस जाण्याचेही कारण नाही. धारला, पवारांच्या त्या जुन्या राजधानीत, लाट मशिदीपाशी एका प्रचंड लोहस्तंभाचे तीन तुकडे ठेवलेले आहेत. १४०५ मध्ये बांधलेल्या त्या मशिदीला नावच या लाटेवरून पडले. तुकड्यांची लांबी एकत्र केली तर ती तेरा मीटरांच्या घरात जाते, म्हणजे दिल्लीच्या स्तंभाहून कितीतरी अधिक. परंपरा त्याचा संबंध राजा भोजाशी जोडते. त्याच्याही लोखंडात फॉस्फरस आहे, आणि शतकानुशतके ऊनपाऊस सोसून तो मोडला असला तरी सडून गेलेला नाही.

जे त्या भट्टीत नकळत घडले, ते जाणून घडवण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९०६ मध्ये बर्मिंगहॅमचे टॉमस कॉस्लेट यांनी लोखंडी वस्तू फॉस्फोरिक आम्लाच्या उकळत्या द्रावणात ठेवून त्यांच्यावर फॉस्फेटचा थर आणण्याचे पेटंट घेतले. १९१५ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे पार्कर रस्ट-प्रूफ कंपनी निघाली आणि तिच्यावरून त्या क्रियेला ‘पार्करायझिंग’ हे नाव मिळाले. आम्ल लोखंडाचा अगदी वरचा थर विरघळवते आणि त्याच जागी फॉस्फेटचे बारीक स्फटिक उगवतात. हे स्फटिक सच्छिद्र असतात. त्यांना एकट्यांना मोठे सामर्थ्य नाही. परंतु तेल किंवा रंग त्यांच्या छिद्रांत शिरून असा घट्ट बसतो की ओरखडा उठला तरी गंज त्याखाली फार दूर पसरत नाही.

हे सारे मोटारींना वेळेवर लाभले. अमेरिकेत एडवर्ड बड यांच्या कारखान्यातून १९१४ पासून डॉज मोटारींना पूर्ण पोलादी अंगे मिळू लागली होती. १९२३ च्या सुमारास लवकर वाळणारा ड्युको रंग आला आणि रंगकामाचे आठवडे तासांवर आले. आपल्याकडचे रंगारी आजही तशा रंगाला ड्युकोच म्हणतात. पण रंग लवकर वाळला म्हणून गंज थांबत नाही. १९३० च्या दशकात फॉस्फेटची क्रिया काही मिनिटांत उरकू लागली, आणि मोटारीच्या अंगाला रंगाआधी तो थर देणे शक्य झाले. १९६० च्या दशकात फोर्डच्या कारखान्यात जॉर्ज ब्रूअर यांच्या प्रयत्नांनी विजेच्या साहाय्याने रंग बसवण्याची रीत सुरू झाली. संपूर्ण सांगाडा रंगाच्या हौदात बुडवायचा आणि वीज सोडायची, म्हणजे रंग पोकळ्यांच्या आतही जाऊन बसतो. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात तिचे सुधारलेले रूप रूढ झाले. आजची मोटार पंधरा वर्षांतही का सडत नाही, याचे उत्तर मुख्यतः जस्ताचा पत्रा, फॉस्फेटचा थर आणि हा विजेचा रंग, या तिघांत आहे.

आमची फियाट या सुधारणांच्या आधीची. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील. हिला वेगळा सांगाडा नाही; अंग हाच सांगाडा. म्हणून तिचा पत्रा सडणे म्हणजे नुसते विद्रूप होणे नव्हे, तिची हाडे ठिसूळ होणे आहे. हिच्याच वंशातील पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यांवरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची निघाली, तेव्हा कित्येकांना हळहळ वाटली. आम्हांसही वाटली.

आता अक्षरांच्या पेचाकडे वळू. फॉस्फेटचा थर बसतो तो मुख्यतः स्वच्छ लोखंडावर. गंज आधीच असेल आणि तो काढायचा नसेल, तर काय करावे? याचे उत्तर आपल्या आज्यांच्या लोखंडी कढईत होते. केसांना लावण्यासाठी आवळा आणि हिरडा लोखंडी कढईत रात्रभर भिजत घालत, आणि सकाळी ते काळेभोर होई. केळफूल चिरताना लोखंडी विळी काळी पडते, तेही त्यातलेच. या वनस्पतींतील टॅनिन लोखंडाशी संयोग पावून निळसर काळा, पाण्यात न विरघळणारा पदार्थ बनवते. हिराकस आणि हिरडा यांपासून कापडाचा काळा रंग होत असे, तो याच क्रियेने.

हिरडा हा सह्याद्रीचा वृक्ष. भीमाशंकर, आंबेगाव, जुन्नरच्या डोंगरांत महादेव कोळी कुटुंबे आजही तो गोळा करतात. त्याच्या फळात सुमारे तीस टक्के टॅनिन असते. कातडे कमावण्यासाठी एकोणिसाव्या शतकात तो मुंबई बंदरातून विलायतेस जाई, आणि तिकडच्या व्यापारात त्याच्या प्रतींना आपल्याकडच्या ठिकाणांची नावे होती. त्यांत जबलपूर होते, तसे वेंगुर्लेही होते. गोव्याच्या वेशीवरील या बंदराचे नाव इंग्लंडातील चर्मकारांच्या हिशेबवहीत हिरड्याची एक जात म्हणून लिहिले जात होते, हे वाचून आम्हांस गंमत वाटली.

गंजावर टॅनिनचा उपयोग होतो याचा पद्धतशीर अभ्यास त्यामानाने अलीकडचा. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये नोल्स आणि व्हाइट यांनी टॅनिनने धातूंचे रक्षण या विषयावर निबंध प्रसिद्ध केला. १९६६ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील पेलिकान यांनी उत्खननातील व संग्रहालयातील लोखंडासाठी टॅनिन वापरण्याची रीत मांडली. पुराणवस्तूंच्या बाबतीत हा उपाय का निवडला गेला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जुन्या वस्तूचा आकार, तिच्यावरील ठसे, घडणाऱ्याच्या हातोड्याच्या खुणा, या कित्येकदा गंजाच्या थरातच शिल्लक असतात. गंज काढला तर वस्तू चकचकीत होते आणि मुकी होते. टॅनिन गंजास जागच्या जागी स्थिर करते. बाजारात रस्ट कन्व्हर्टर म्हणून ज्या बाटल्या मिळतात, त्यांतही बहुधा टॅनिक आम्ल किंवा फॉस्फोरिक आम्ल, अथवा दोन्ही असतात. काहींत रंगासारखा थर धरणारे द्रव्यही मिसळलेले असते.

या ठिकाणी आमची एक जुनी चूक कबूल केली पाहिजे. वीस वर्षांपूर्वी आम्ही हीच गाडी एका गॅरेजात रंगवून घेतली होती. दाराखालच्या रनिंग बोर्डाचा गंज वरवर घासून त्यावर लांबी भरली गेली आणि झकास रंग चढला. दोन पावसाळे गेले आणि रंगाला फोड आले. बोट लावताच लांबीचा ढलपा निघून आत पोकळी दिसली. आम्ही तेव्हा त्या गॅरेजवाल्यास बोल लावला. खरे पाहता लवकर आणि स्वस्तात करा, असे आम्हीच सांगितले होते. लांबी ओलावा धरते, आणि झाकलेला ओला गंज म्हणजे इव्हान्स यांच्या थेंबाचा मध्य.

म्हणून या खेपेस आम्ही आधी गाडीची विभागणी केली. जे भाग भार पेलतात, म्हणजे रनिंग बोर्ड, तळपत्र्याच्या तुळया, चाकांच्या जोडणीच्या जागा, त्यांच्याशी तह नाही. तिथे पत्रा टोचून पाहिला. जिथे टोचणी आत गेली तिथे तो कापून नवा पत्रा जोडला. कोणतेही परिवर्तक द्रव्य गेलेले लोखंड परत आणत नाही, ही गोष्ट त्या बाटलीवर मोठ्या अक्षरांत छापावयास हवी. ब्रेकच्या नळ्या सरळ नव्या घातल्या. वरवर गंजलेले पण जाड भाग, कंस, पट्ट्या, खिळपट्ट्या, यांना फॉस्फोरिक आम्लाचे द्रव्य लावले. सुटा गंज तारेच्या ब्रशाने आधी काढला, तेलकटपणा धुऊन घेतला, आणि उरलेले आम्ल पाण्याने धुऊन लगेच वाळवले. कारण अंगावर राहिलेले आम्ल वरच्या रंगास धरू देत नाही. मग झिंक फॉस्फेटचा अस्तररंग आणि त्यावर रंग. पोकळ तुळयांत पातळ केलेले मेण फवारले आणि पाणी निघून जाण्याची भोके गाळ काढून मोकळी केली. त्या कारखान्याने ठेवलेल्या भोकांची किंमत आम्हांस पासष्ट वर्षांनी कळली.

राहिले बॉनेट. प्रथम भंगारातील एका गंजक्या पत्र्यावर हिरड्याचा काढा लावून पाहिला. तो काळा पडला, पण चिकट राहिला, कारण काढ्यात टॅनिनखेरीज इतरही पुष्कळ काही असते. तेव्हा शुद्ध टॅनिक आम्ल आणले, पाण्यात विरघळवून त्यात थोडे स्पिरिट घातले आणि फॉस्फोरिक आम्लाच्या थेंबांनी द्रावणाची आम्लता वाढवली. पुरेशी आम्लता नसेल तर क्रिया अर्धवट राहते. पुराच्या पाण्यातील क्षार उरले तर खालून गंज चालूच राहतो, म्हणून पत्रा आधी वारंवार शुद्ध पाण्याने धुतला. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव, म्हणून कोरडे घासणे टाळले. मग हातमोजे आणि चष्मा घालून, अक्षरांच्या कडेकडेने, बारीक कुंचल्याने द्रावण लावत गेलो. एक हात, वाळवण, पुन्हा एक हात. असे तीन दिवस. तांबडे पट्टे आधी जांभळट, मग निळसर काळे झाले. टॅनिनचा थर एकटा ओल्या हवेत टिकत नाही, म्हणून शेवटी वरून पारदर्शक मेणाचा पातळ हात दिला. तो वर्षाकाठी पुसून पुन्हा द्यावा लागेल.

काळ्या पार्श्वभूमीवर आजोबांची पांढरी अक्षरे आता पूर्वीपेक्षा स्पष्ट दिसतात. दोन ओळी गेल्याच. पुरात त्यांचा रंग सुटला होता आणि त्या परत येणे नाही. बाकीच्या ओळींचे छायाचित्र काढून आम्ही पुण्याच्या एका मोडी जाणणाऱ्या स्नेह्यांकडे पाठवले. शेरे साधेच निघाले. ‘पंखापट्टा बदलला.’ ‘पाणी गळते, पुन्हा पाहणे.’ ‘मागील डावे चाक, ग्रीस.’ एके ठिकाणी मात्र मैलांच्या आकड्यापुढे घरातील एका लग्नाची तारीख आणि त्यापुढे ‘वऱ्हाड सुखरूप पोहोचविले’ एवढेच होते. ते लग्न आमच्या आत्याबाईंचे. त्या आज नव्वदीच्या उंबरठ्यावर आहेत. त्यांना बॉनेट दाखवले तेव्हा त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले आणि पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत.

कारागिरास आम्ही हे सारे दाखवले. तो म्हणाला, “गाडी नव्यासारखी नाही झाली.” नाही झाली, हे खरे. तिचे बॉनेट आतून काळे आहे आणि काळेच राहील. गंज तिथून गेलेला नाही. तो बांधला गेला आहे, आणि प्रत्येक तहाप्रमाणे हाही कोणी राखला तरच टिकणारा आहे. आमच्यानंतर तो राखणार कोण, हा प्रश्न घरात बोलून झाला. धाकट्या नातवाने जबाबदारी घेतली आहे. गेल्या खंडेनवमीस तलवार पुसून झाल्यावर त्याने बॉनेट उघडले, टॉर्च लावून एकेक कोपरा पाहिला, एका खिळ्याजवळ टिकलीएवढा तांबडा डाग आम्हांस दाखवला आणि विचारले, “आजोबा, हा गेल्या वर्षी होता का?”

आम्हांस आठवेना. तेव्हा त्याने बॉनेटवर नव्हे, वहीत, तारीख घालून त्याची नोंद केली.